घटिका भरते तेव्हा : मायक्रोकंट्रोलरमधील टायमर

विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घटिकापात्र वापरीत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. छिद्रातून पाणी आत शिरत राही आणि वाटी भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली असे समजत. अहोरात्रात अशा ६० घटिका. त्या वाटीला काळ म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. तिला भरणे आणि बुडणे एवढेच येत होते. किती वेळा बुडाली हे ध्यानात ठेवणे आणि बुडताक्षणी ती रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडणे, हे शेजारी बसलेल्या माणसाचे काम. त्याला डुलकी लागली की मुहूर्त हुकलाच.

आज आपल्या घरातील धुलाई यंत्र, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर, इमारतीतील लिफ्ट, चौकातील सिग्नल या साऱ्यांच्या पोटात अशीच घटिकापात्रे आहेत. ती तांब्याची नसून सिलिकॉनची आहेत आणि मिनिटांऐवजी सेकंदाच्या लक्षांशात भरतात, इतकाच फरक. त्यांना 'टायमर' म्हणतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि हौशी मंडळी यांच्या हाती आलेल्या स्वस्त बोर्डांमुळे हे टायमर आता कोणालाही स्वतः चालवून पाहता येतात. ते कसे चालतात, आणि त्यांचा हिशेब चुकला तर काय घडते, हे समजून घेणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

बोर्ड आणि चिप

उदाहरणासाठी 'आर्डुइनो उनो' हा बोर्ड घेऊ. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केली तर तो सहज मिळतो. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्हरेया या गावी झाला. मासिमो बान्झी, डेव्हिड क्वार्तिएयेस आणि त्यांचे सहकारी यांना कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही हाताळता येईल असे सोपे साधन हवे होते. त्या गावच्या ज्या बारमध्ये ही मंडळी जमत, त्याचे नाव अकराव्या शतकातील आर्दुइन राजावरून ठेवलेले होते. तेच नाव बोर्डाला मिळाले. 'उनो' ही आवृत्ती २०१० मध्ये आली. इटालियन भाषेत उनो म्हणजे एक.

या बोर्डावरील मुख्य चिप म्हणजे 'एटीमेगा ३२८पी' हा मायक्रोकंट्रोलर. संगणकाचा प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या तारा असे सारे एकाच चिपमध्ये सामावलेले असते, म्हणून तो मायक्रोकंट्रोलर. प्रोग्रॅमसाठी त्यात ३२ किलोबाइट जागा आहे, तर काम करतानाची स्मृती फक्त २ किलोबाइट. मात्र त्याच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला १ कोटी ६० लाख पडतात. दोन ठोक्यांमधील अंतर ६२.५ नॅनोसेकंद, एवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम १९ मीटर जातो. २०२३ साली आलेल्या उनोच्या चौथ्या आवृत्तीत वेगळी, अधिक वेगवान चिप आहे. तिच्यातील रजिस्टरांची नावे बदलली असली तरी पुढे सांगितलेले तत्त्व तिलाही लागू पडते.

वाट पाहण्यात गेलेला वेळ

आता एक काम डोळ्यांसमोर आणू. इमारतीच्या गच्चीवरील टाकी भरणारा पंप या बोर्डाने चालवायचा आहे. टाकी भरली की तरंगत्या स्विचकडून संदेश येतो आणि पंप बंद व्हायला हवा. खालच्या टाकीतच पाणी नसेल तर पंप कोरडा चालून जळू नये म्हणून २० मिनिटांनंतर तो कोणत्याही परिस्थितीत थांबायला हवा. शिवाय यंत्रणा जिवंत आहे हे कळावे म्हणून एक दिवा दर सेकंदाला लुकलुकला पाहिजे.

नवशिक्यांना प्रथम शिकवली जाणारी आज्ञा 'डिले' ही आहे. डिले म्हणजे अमुक इतके मिलिसेकंद थांब. दिवा लाव, थांब, दिवा विझव, थांब, असा प्रोग्रॅम पाच मिनिटांत लिहून होतो आणि दिवा लुकलुकू लागतो. परंतु 'थांब' म्हटल्यावर प्रोसेसर नेमके काय करतो? तो वेळ संपला का, संपला का, असे पुनःपुन्हा पाहत बसतो. प्रोग्रॅमची पुढची ओळ तेवढ्या काळात वाचली जात नाही. '२० मिनिटे थांब आणि मग पंप बंद कर' असे लिहिले आणि आठव्या मिनिटाला टाकी भरली, तर उरलेली १२ मिनिटे पाणी गच्चीवरून वाहत राहील. तरंगत्या स्विचने संदेश दिलेला असतो, पण तो पाहायला कोणी मोकळे नसते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. दर खेपेस एक सेकंद थांबायचे आणि मधल्या काळात काही कामे करायची, असे लिहिले तर त्या कामांचा वेळ सेकंदात मिळवला जातो. समजा, एखादा संवेदक वाचायला तीन मिलिसेकंद लागले. मग आपला 'सेकंद' १.००३ सेकंदांचा झाला. दिवसभरात असे ८६,४०० सेकंद मोजले तर सुमारे २५९ सेकंदांची, म्हणजे सव्वाचार मिनिटांहून अधिक तफावत पडते. आठवड्यात ती अर्ध्या तासावर जाते.

मोजणारा वेगळा, काम करणारा वेगळा

यावरचा उपाय म्हणजे मोजण्याचे काम प्रोसेसरकडून काढून घेणे. एटीमेगा ३२८पी मध्ये त्यासाठी तीन स्वतंत्र टायमर आहेत. टायमर म्हणजे एक मोजपट्टी आणि तिच्याभोवतीचे थोडे इलेक्ट्रॉनिक मंडल. घड्याळाचा ठोका पडला की मोजपट्टीवरील आकडा एकाने वाढतो. प्रोसेसर त्या वेळी बेरीज करीत असो, संवेदक वाचत असो वा रिकामा असो, मोजणी चालूच राहते.

या तिघांची नावे शून्य, एक आणि दोन. शून्य आणि दोन क्रमांकांचे टायमर ८ बिटांचे आहेत, म्हणजे ते ० ते २५५ पर्यंत मोजतात. एक क्रमांकाचा टायमर १६ बिटांचा असून तो ० ते ६५,५३५ पर्यंत जातो. शेवटचा आकडा गाठला की पुढच्या ठोक्याला मोजपट्टी पुन्हा शून्यावर येते. पात्र भरले, बुडाले आणि रिकामे होऊन पुन्हा तरंगू लागले, असाच हा प्रकार. याला इंग्रजीत 'ओव्हरफ्लो' म्हणतात. आपण 'पात्र भरणे' म्हणू.

अडचण अशी, की सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके पडत असताना ६५,५३६ ची मोजपट्टी अवघ्या ४.०९६ मिलिसेकंदांत भरून जाते. म्हणून ठोके आणि मोजपट्टी यांच्यामध्ये एक विभाजक बसवलेला असतो. त्याला 'प्रीस्केलर' म्हणतात. एक क्रमांकाच्या टायमरसाठी तो ८, ६४, २५६ किंवा १०२४ यांपैकी एका संख्येवर ठेवता येतो. २५६ वर ठेवला तर घड्याळाचे २५६ ठोके पडल्यावर मोजपट्टी एकच पाऊल पुढे सरकते. घटिकापात्राचे छिद्र लहान केले की ते उशिरा भरते, तसेच हे आहे.

एका सेकंदाचे गणित

आता नेमका एक सेकंद मोजू. १,६०,००,००० ला २५६ ने भागले की ६२,५०० येतात. ही संख्या ६५,५३६ हून लहान आहे, म्हणजे १६ बिटांच्या मोजपट्टीत ती मावते. ६४ ने भागले असते तर २,५०,००० आले असते आणि ते मावले नसते. तेव्हा विभाजक २५६ ठेवायचा आणि ६२,५०० पावले झाली की मोजपट्टीला शून्यावर यायला सांगायचे.

हे सांगण्यासाठी चिपमध्ये काही ठरावीक कप्पे आहेत. त्यांना रजिस्टर म्हणतात. 'टीसीएनटी१' या रजिस्टरात मोजपट्टीचा चालू आकडा असतो. 'ओसीआर१ए' या रजिस्टरात आपण मर्यादा लिहितो. 'टीसीसीआर१ए' आणि 'टीसीसीआर१बी' या दोन रजिस्टरांतील बिटांनी टायमर कोणत्या पद्धतीने चालावा आणि विभाजक कोणता, हे ठरते. आधी ही दोन्ही रजिस्टरे शून्य करावी लागतात, कारण आर्डुइनोचा प्रोग्रॅम सुरू होतानाच हा टायमर दुसऱ्या कामासाठी मांडून ठेवलेला असतो. ही पायरी विसरली की बाकी सारे अचूक लिहूनही टायमर भलत्याच गतीने चालतो आणि चूक सापडत नाही. त्यानंतर 'डब्ल्यूजीएम१२' हा बिट एक केला की मर्यादा गाठताच मोजपट्टी शून्यावर येऊ लागते. 'सीएस१२' हा बिट एक केला की विभाजक २५६ होतो.

मर्यादा मात्र ६२,५०० लिहायची नाही, ६२,४९९ लिहायची. कारण मोजणी शून्यापासून सुरू होते आणि शून्य हेही एक पाऊलच आहे. ० ते ६२,४९९ हे आकडे मोजले तर ते ६२,५०० भरतात. ६२,५०० लिहिले तर प्रत्येक सेकंद १६ मायक्रोसेकंदांनी लांबतो. डोळ्याला तो फरक दिसणे अशक्य. परंतु दिवसाकाठी तो १.३८ सेकंद होतो आणि वर्षभरात आठ मिनिटांच्या पुढे जातो.

शिट्टी झाली की उठायचे

पात्र भरल्याचे प्रोसेसरला कसे कळावे? त्याने सारखे डोकावून पाहायचे ठरवले तर पुन्हा वाट पाहणे आलेच. स्वयंपाकघरात प्रेशर कुकर लावल्यावर कोणी त्याच्यापुढे टक लावून बसत नाही. कणीक मळणे, भाजी चिरणे चालू असते. शिट्टी झाली की तेवढ्यापुरते लक्ष तिकडे जाते, मनातला आकडा एकाने वाढतो आणि हात पुन्हा भाजीकडे वळतात. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. टायमरच्या या शिट्टीला 'इंटरप्ट' म्हणतात. 'टीआयएमएसके१' या रजिस्टरातील 'ओसीआयई१ए' हा बिट एक केला की मर्यादा गाठताच प्रोसेसर हातातील आज्ञा पुरी करतो, कुठे थांबलो याची खूण ठेवतो, आपण ठरवून दिलेला छोटा कार्यभाग उरकतो आणि खुणेपाशी परततो.

हा कार्यभाग छोटाच असावा लागतो. शिट्टी ऐकून उठलेल्या माणसाने तिथेच गप्पा मारीत उभे राहायचे नसते. आकडा वाढवणे, एखादी खूण करून ठेवणे, एवढेच तिथे करावे. लांबची कामे मुख्य प्रोग्रॅमवर सोडावीत. कारण एक इंटरप्ट चालू असताना ही चिप सहसा दुसरा ऐकत नाही.

आणखी एक धोका आहे. हा प्रोसेसर एका वेळी ८ बिटच हाताळतो. त्याहून मोठी संख्या वाचायची तर ती तुकड्यातुकड्यांनी वाचावी लागते. समजा, दोन तुकड्यांच्या संख्येत २५५ आहेत. प्रोसेसरने खालचा तुकडा वाचला, तो २५५. एवढ्यात इंटरप्ट आला आणि संख्या २५६ झाली. आता खालचा तुकडा शून्य, वरचा एक. परतल्यावर प्रोसेसरने वरचा तुकडा वाचला, तो एक. दोन्ही जुळवून त्याच्या हाती आले ५११. अशी संख्या कधी अस्तित्वातच नव्हती. म्हणून इंटरप्टमध्ये बदलणारी संख्या वाचताना क्षणभर इंटरप्ट रोखून धरण्याची रीत आहे. ती पाळली नाही तर हजारातून एखाद्या वेळीच चूक घडते, आणि क्वचित घडणारी चूक शोधणे सर्वांत कठीण असते.

यंत्रातला अधिक महिना

आर्डुइनोमध्ये 'मिलिस' नावाची एक तयार सोय आहे. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, ते ती सांगते. तिच्यामागे शून्य क्रमांकाचा टायमर असतो. त्याचा विभाजक ६४ आणि मोजपट्टी २५६ ची. तेव्हा एकदा पात्र भरायला १.०२४ मिलिसेकंद लागतात. दर वेळी एकच मिलिसेकंद मोजला तर ०.०२४ चा खडा मागे राहतो. हे खडे बाजूला जमवले जातात आणि त्यांचा एक मिलिसेकंद भरला की मोजणीत एक जादा मिलिसेकंद घातला जातो. साधारण दर ४२ खेपांनी असे होते.

आपल्या पंचांगकर्त्यांना ही युक्ती नवी नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. ही तूट साठत जाते आणि साधारण तीन वर्षांत एक अधिक महिना धरून ती भरून काढली जाते. उरलेला अंश टाकून न देता त्याचा हिशेब ठेवणे, हेच दोन्हीकडचे सूत्र आहे.

टायमर तीनच असल्याने त्यांची वाटणीही ध्यानात ठेवावी लागते. शून्य क्रमांकाच्या टायमरची गती बदलली की 'मिलिस' आणि 'डिले' दोन्ही बिघडतात. सर्वो मोटर चालवणारी तयार आज्ञावली एक क्रमांकाचा टायमर घेते. त्यामुळे बोर्डाच्या ९ आणि १० क्रमांकांच्या पिनांवर दिव्याचा प्रकाश कमीजास्त करण्याची सोय बंद होते. ध्वनी काढणारी 'टोन' ही आज्ञा दोन क्रमांकाचा टायमर वापरते. एकेकटे नीट चालणारे दोन प्रोग्रॅम एकत्र केल्यावर रुसून बसतात, त्याचे कारण पुष्कळदा एकाच टायमरवर दोघांनी सांगितलेला हक्क हे असते.

आकडा मावला नाही तर

आता पंपाकडे परत येऊ. 'मिलिस'चा आधार घेऊन २० मिनिटांची मर्यादा घालायची आहे. २० गुणिले ६० गुणिले १०००, म्हणजे १२,००,००० मिलिसेकंद. प्रोग्रॅममध्ये हा गुणाकार जसाच्या तसा लिहिला तर पंप २० मिनिटांऐवजी साधारण २० सेकंदांतच थांबतो! याचे कारण असे, की या बोर्डावर साधी पूर्णांक संख्या १६ बिटांची असते आणि ३२,७६७ च्या पुढे ती मावत नाही. १२,००,००० मधून ६५,५३६ ची १८ पात्रे वाहून जातात आणि हाती उरतात २०,३५२. संख्येपुढे 'यूएल' ही दोन अक्षरे जोडून ती ३२ बिटांची आहे असे सांगितले की दोष नाहीसा होतो.

३२ बिटांचे पात्र मोठे असले तरी अथांग नाही. त्यात ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंद मावतात. म्हणजे ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटे आणि ४७ सेकंद. त्यानंतर 'मिलिस' पुन्हा शून्यावर येते. 'सुरुवातीच्या वेळेत २० मिनिटे मिळवायची आणि घड्याळ त्या बेरजेच्या पुढे गेले की पंप बंद करायचा' असे कोणी लिहिले, तर या ४९ दिवसांच्या अखेरच्या २० मिनिटांत ती बेरीजच पात्राबाहेर सांडते. उरतो एक चिमुकला आकडा. घड्याळ त्याच्या पुढे आहेच, म्हणून पंप सुरू होताक्षणी बंद होतो. थोड्या वेळाने पुन्हा सुरू केला की नीट चालतो. दुरुस्तीला आलेल्या माणसाला काहीच दोष सापडत नाही.

याऐवजी 'आताची वेळ वजा सुरुवातीची वेळ' अशी वजाबाकी करावी आणि ती २० मिनिटांहून मोठी झाली का, ते पाहावे. भिंतीवरचे घड्याळ ११ वाजता पाहिले आणि पुन्हा २ वाजता पाहिले, तर २ वजा ११ म्हणजे उणे ९ असे कोणी म्हणत नाही. १२ मिळवून ३ तास झाले असेच आपण म्हणतो. चिन्हरहित ३२ बिटांची वजाबाकी हेच आपोआप करते. फक्त बेरजेऐवजी वजाबाकी, एवढ्या बदलाने हा दोष टळतो.

हा विषय हौशी मंडळींच्या बोर्डापुरता आहे असे समजू नये. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाली सलग ४९.७ दिवस चालल्यावर बंद पडू शकत, हे १९९९ मध्ये उघडकीला आले. १४ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसराच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचा विमानांशी असलेला ध्वनिसंपर्क काही तासांसाठी तुटला. संपर्कयंत्रणेतील मोजणी याच ३२ बिटांच्या मर्यादेला भिडली होती. ती टाळण्यासाठी दर ३० दिवसांनी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करण्याचा नियम होता. तो त्या खेपेला पाळला गेला नव्हता. काही विमाने ठरलेल्या अंतरापेक्षा एकमेकांच्या जवळ आली. सुदैवाने अपघात झाला नाही. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्राधिकरणाने बोईंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला. या विमानाचे वीजनियंत्रक सलग २४८ दिवस चालू राहिले तर त्यांच्यातील मोजणी पात्राबाहेर जाऊन वीजपुरवठा बंद पडू शकतो, असे चाचणीत आढळले होते. सेकंदाचे शतांश ३१ बिटांत मोजत गेल्यास पात्र भरायला २४८ दिवसच लागतात, हा हिशेब बोलका आहे.

सेकंदाच्या दहाव्या भागाची किंमत

मात्र सर्वांत भीषण उदाहरण १९९१ सालचे आहे. आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची 'पेट्रियट' ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजत असे आणि त्या मोजणीला एकदशांशाने गुणून सेकंद काढले जात. आपल्या दशमान पद्धतीत एकतृतीयांश लिहायला गेले तर ०.३३३ असे तिनावर तीन येतच राहतात. त्याचप्रमाणे द्विमान पद्धतीत एकदशांश कधीच संपत नाही. २४ बिटांच्या कप्प्यात तो कापून बसवावा लागला होता. दर टिकटिकीला चूक होत होती ती सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही किंचित कमी.

ही यंत्रणा बंद न करता १०० तासांहून अधिक काळ चालू ठेवण्यात आली. तेवढ्या काळात चूक साठून सुमारे ०.३४ सेकंद झाली. स्कड क्षेपणास्त्राचा वेग सेकंदाला सुमारे १,६७६ मीटर. तिसऱ्या हिश्श्याएवढ्या सेकंदात ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर जाते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आलेले स्कड यंत्रणेने भलत्याच जागी शोधले. तिथे ते नव्हते. ते सैनिकांच्या निवासावर कोसळले आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. सुधारित प्रोग्रॅम धाहरानला पोचला तो दुसऱ्या दिवशी.

या घटनेतील विदारक भाग असा, की दीर्घकाळ चालवल्यास नेमकेपणा ढळतो, हे इस्रायलने आधीच कळवले होते. यंत्रणा अधूनमधून बंद करून सुरू केली असती तरी चूक शून्यावर आली असती. 'फार वेळ चालवू नका' अशी सूचना गेलीही होती. परंतु 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे तीत लिहिले नव्हते.

घड्याळाची परीक्षा

हिशेब बिनचूक असला तरी ज्या ठोक्यांवर तो उभा आहे ते खरे असायला हवेत. उनोच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंतच्या बोर्डांवर मुख्य चिपचे ठोके सिरॅमिक रेझोनेटरमधून येतात. तो स्वस्त असतो. त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. अर्धा टक्का म्हणजे दिवसाला ४३२ सेकंद, सात मिनिटांहून जास्त. दिवा लुकलुकवायला किंवा पंपाची मर्यादा सांभाळायला एवढा नेमकेपणा पुरतो. पहाटे पाचला पाणी सोडायचे असेल तर पुरत नाही. त्यासाठी 'डीएस३२३१' सारखी घड्याळाची वेगळी चिप जोडतात. तिच्यातील स्फटिक तापमानानुसार स्वतःला सावरून घेतो आणि नेहमीच्या तापमानात वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकतो.

प्रोसेसरच एखाद्या ठिकाणी अडकून पडला तर? त्यासाठीही एक टायमर ठेवलेला आहे. त्याला 'वॉचडॉग', म्हणजे राखणदार म्हणतात. तो मुख्य घड्याळावर अवलंबून नसतो. त्याचे ठोके वेगळे असतात. १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत त्याची मुदत ठरवता येते. प्रोग्रॅमने मुदतीच्या आत त्याला 'मी जागा आहे' असे सांगत राहायचे. सांगितले नाही तर तो चिप नव्याने सुरू करतो. मात्र ही हजेरी टायमरच्या इंटरप्टमधून लावू नये. मुख्य प्रोग्रॅम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतात, आणि मग झोपलेल्याची हजेरी दुसराच लावत राहतो.

टायमर वापरताना म्हणूनच तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. तो नेमके काय मोजतो आणि ते ठोके किती खरे आहेत? त्याचे पात्र किती वेळाने भरते? आणि भरल्यावर काय होते? पहिले दोन प्रश्न गुणाकार-भागाकाराने सुटतात. तिसऱ्यासाठी मात्र यंत्रणा प्रत्यक्ष त्या क्षणातून जाऊ द्यावी लागते. ४९ दिवस थांबायची गरज नाही. वेळेची जी संख्या प्रोग्रॅम वापरतो तिच्यात चाचणीपुरता मोठा आकडा मिळवला, तर पात्र मिनिटाभरात भरते. पंप त्या क्षणी कसा वागतो, हे गच्चीवर जाण्याआधी टेबलावरच दिसते.